क्रिलचे निर्मोचन : अभ्यासाचा इतिहास

क्रिल हे कवचधर वर्गाच्या यूफॉसिएसी गणातील, कोळंबीसारखे दिसणारे सागरी प्राणी होत. त्यांपैकी यूफॉसिया सुपर्बा ही सु. ६ सेंमी. लांबीची जाती अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रांत विपुल असून देवमासे, सील व पेंग्विन यांचे ते प्रमुख अन्न आहे. कायटिनयुक्त कवच ताणले जात नसल्याने ते वेळोवेळी टाकावे लागते. यास निर्मोचन किंवा कात टाकणे म्हणतात. मुळशी-मावळातील ओढ्यांत आढळणारा खेकडाही कात टाकतो, पण वयाबरोबर त्याच्या दोन निर्मोचनांतील अंतर वाढत जाते. क्रिल मात्र प्रौढपणीही काही आठवड्यांच्या अंतराने कात टाकीतच राहतो.

माशाच्या खवल्यांवर वयाची वलये उमटतात. टाकून दिलेल्या कवचावर अशी खूण टिकणार कशी? म्हणून १९२५ पासूनच्या ब्रिटिश ‘डिस्कव्हरी’ सफरींतील अभ्यासकांनी लांबीवरून वय ठरविले व आयुर्मान दोन-तीन वर्षांचे मानले. जेम्स मार यांचा १९६२ मधील बृहद्ग्रंथ याच परंपरेतील आहे. प्रत्येक निर्मोचनानंतर प्राणी वाढतोच, हे त्यामागील गृहीत होते.

ऑस्ट्रेलियात इकेडा व डिक्सन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ते ढासळले. उपाशी ठेवलेले क्रिल २११ दिवसांपर्यंत जगले, कात टाकीत राहिले आणि आक्रसत गेले. सारख्या लांबीच्या दोन क्रिलांपैकी एक अल्पवयीन, तर दुसरा उपासमारीने लहान झालेला प्रौढ असू शकतो, असा याचा अर्थ होता.

प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता. १९८१–८२ च्या हंगामात, मुख्यतः सोव्हिएट जहाजांनी, पाच लाख टनांहून अधिक क्रिल पकडले होते. आयुर्मान पाच-सात वर्षांचे धरल्यास किती पकड सोसवेल, याचे गणितच बदलते. अंटार्क्टिक सागरी सजीवांच्या संरक्षणाचा करार एप्रिल १९८२ मध्ये अमलात आला. पहिली भारतीय मोहीम त्याच हंगामात, ६ डिसेंबर १९८१ रोजी, गोव्याहून निघाली होती. भारत १९८५ मध्ये या करारात सामील झाला. १९९५–९६ मध्ये ‘सागर संपदा’ हे जहाज क्रिलच्या अभ्यासासाठी दक्षिण महासागरात गेले.

वयनिश्चितीस २०१७ मध्ये नेत्रवृंतांतील वलयांचा आधार मिळाला. निर्मोचनाचे इतर पैलूही दरम्यान उजेडात आले. हॅम्नर व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये नोंदविले, की भय वाटताच क्रिल तत्क्षणी कात टाकतात. रिकामी कवचे शत्रूला चकवीत असावीत. ही कवचे बुडताना बराच कार्बन खोल पाण्यात नेतात, हे दक्षिण जॉर्जिया बेटाजवळील निरीक्षणांवरून २०२० मध्ये दिसून आले.