आबकारीची जमा, शाळेचा खर्च

जुनी सरकारी अंदाजपत्रके वाचणे हा रुक्ष उद्योग खरा. पण राज्यकर्त्यांचे मन भाषणांपेक्षा जमाखर्चात अधिक स्वच्छ दिसते. मुंबई इलाख्यात शाळेसाठी पैसा कोठून येतो आणि कोणावर खर्च होतो, हा प्रश्न निदान तीनदा नेमकेपणाने विचारला गेला.

पहिल्यांदा तो विचारला जोतीराव फुले यांनी. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी दाखवून दिले की, तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि सरकारचे लक्ष मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे.

१९१९च्या सुधारणांनी शिक्षण आणि आबकारी ही दोन्ही खाती ‘सोपीव’ ठरून लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली. यात एक मेख होती. दारू कमी करावी तर हाती असलेले भरवशाचे उत्पन्न आटते. शाळा वाढवाव्यात तर तेच उत्पन्न लागते.

या मेखेवर बोट ठेवले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दोन आकडे शेजारी मांडले. इलाख्यात शिक्षणावर दरडोई खर्च १४ आणे. आबकारीपोटी दरडोई वसुली दोन रुपयांहून अधिक. त्यांची मागणी साधी होती: लोकांकडून आबकारीत जेवढे घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. पहिलीत आलेल्या १०० मुलांपैकी १८च चौथीपर्यंत पोचतात, हेही त्यांनी सांगितले. तेव्हाच्या गतीने शाळेच्या वयाचे सगळे मुलगे शाळेत यायला ४० वर्षे लागणार होती, मुलींना ३००.

तिसरा प्रसंग १९३७चा. काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे आली, त्यांच्या कार्यक्रमात दारूबंदी होती. दारूच्या पैशावर मुलांनी शिकावे, हे गांधीजींना लाजिरवाणे वाटे. ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी मार्ग सुचवला: मुलांच्या हस्तोद्योगातून निदान शिक्षकाचा पगार निघावा. हेतू निर्मळ होता. पण तिजोरीवरचा भार त्यामुळे मुलांच्या बोटांवर येत होता, ही टीका तेव्हाही झाली. पुढे १९३९ साली बाळासाहेब खेर यांच्या सरकारने मुंबई शहरात दारूबंदी आणली, तेव्हा तूट भरण्यासाठी शहरी स्थावर मिळकतींवर १० टक्के कर बसवला. म्हणजे मनात आले की दुसरे उत्पन्न सापडते.

या तीन प्रसंगांवरून मला एवढेच दिसते की, ‘शिक्षणाला पैसा नाही’ हे वाक्य हिशेबाचे नसून पसंतीचे असते. पैसा कोणाकडून घ्यायचा आणि कोणावर खर्च करायचा, हे आधी ठरते; ‘नाही’ हा शब्द मागून येतो.

आजही मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. राज्यांच्या स्वतःच्या हाती उरलेल्या थोड्या मोठ्या करांत त्याची गणना होते. कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलेले राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांचे उद्दिष्ट २०२०च्या धोरणात पुन्हा लिहावे लागले. पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी वाचकांनी बाबासाहेबांचीच रीत वापरावी: उत्पादन शुल्काची जमा आणि शाळांचा खर्च दरडोई काढून शेजारी लिहावा. आकडे पाहून काय वाटते, ते ज्याचे त्याने ठरवावे.