कन्याकुमारी ते काश्मीर, सायकलवरून

रविवारी सकाळी वाघोलीत रस्त्याकडेला उभे राहिले, की नगर रस्त्याने निघालेले सायकलस्वार हमखास दिसतात. त्यातल्या काही फेऱ्या एखाद्या संस्थेच्या मदतीसाठी असतात. स्वाराने किलोमीटर तोडायचे आणि स्नेह्यासोबत्यांनी त्यामागे पैसे द्यायचे, ही रीत आपण पश्चिमेकडून घेतली. न्यूयॉर्क राज्यात एरी कालव्याच्या काठाने आठ दिवसांची फेरी निघते, ती याच जातकुळीतली.

पण श्रोतेहो, महाराष्ट्रातल्या एका माणसाने याहून कितीतरी लांबची सायकलयात्रा काढली, आणि त्याला दान ही कल्पनाच मान्य नव्हती. ते म्हणजे बाबा आमटे. दानाने माणूस पांगळा होतो, कामाने उभा राहतो, या विश्वासावर त्यांनी वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांचे आनंदवन वसवले होते.

१९८४मध्ये इंदिरा गांधींची हत्या झाली, शिखांविरुद्ध दंगली उसळल्या, पंजाब धुमसत होता. अशा वेळी, डिसेंबर १९८५मध्ये, 'भारत जोडो' म्हणत बाबा कन्याकुमारीहून निघाले. वय एकाहत्तर. पाठीच्या कण्याच्या आजारामुळे त्यांना बसताच येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे. म्हणून ते गाडीत झोपून, आणि सोबत शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर. हात निर्मितीला लागावेत, मागण्यासाठी किंवा मारण्यासाठी नव्हेत, ही यात्रेची घोषणा होती. पैसा जमवणे हा हेतूच नव्हता.

काश्मीरपर्यंतचे अंतर सुमारे पाच हजार किलोमीटर, आणि त्याला लागले तीन महिन्यांहून अधिक. म्हणजे दिवसाकाठी पन्नासएक किलोमीटर. सराईत स्वार वाघोलीहून अहिल्यानगर, म्हणजे शंभरएक किलोमीटर, दुपारच्या आत गाठतो. मग इतका वेळ का? कारण वाटेत थांबायचे होते, लोकांशी बोलायचे होते. मोटारीतून गेले असते तर गाव मागे पडले असते. सायकलवाल्याला पाणी मागावे लागते, वाट विचारावी लागते, तीही परक्या भाषेत. माझ्या मते यात्रेचे खरे काम तिथेच झाले.

या यात्रेने दंगे थांबले, असे कोणी म्हणणार नाही. पंजाब पुढेही बरीच वर्षे जळत राहिला. तरीही १९८८मध्ये बाबा पुन्हा निघाले, या वेळी अरुणाचलातील इटानगरहून गुजरातेतील ओख्याकडे. तेव्हाही ते गाडीत आडवेच होते.