शिवसेना : ठाणे–दिवा परिसरातील स्थित्यंतरे

महाराष्ट्रातील उजव्या विचारसरणीचा एक प्रादेशिक पक्ष. बाळ केशव ठाकरे (२३ जानेवारी १९२६–१७ नोव्हेंबर २०१२) यांनी १९ जून १९६६ रोजी मुंबईत त्याची स्थापना केली. परंतु त्याला पहिली सत्ता मिळाली ती ठाण्यात. १९६७ च्या नगरपालिका निवडणुकीनंतर वसंतराव मराठे हे नगराध्यक्ष झाले.

अस्मितेचे राजकारण, परक्याविषयीचा संशय, एका नेत्यावरील निष्ठा आणि रस्त्यावरील बळ ही अतिउजव्या चळवळींची सामान्य लक्षणे मानली जातात. शिवसेनेस ती संज्ञा कितपत लागू पडते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आरंभी तिचा रोख दाक्षिणात्य नोकरदार व कम्युनिस्ट कामगार संघटना यांच्यावर होता. धर्माचा प्रश्न त्या मानाने गौण होता. १९६८ मध्ये मुंबई महानगरपालिकेसाठी तिने प्रजासमाजवादी पक्षाशी हातमिळवणी केली, तर १९७५ मध्ये आणीबाणीस पाठिंबा दिला. विचारसरणीपेक्षा स्थानिक गाऱ्हाणे हाच तिचा खरा पाया होता आणि पुढील स्थित्यंतरे त्यामुळेच सुकर झाली.

हिंदुत्वाचा जुना प्रवाह या जिल्ह्यात निराळा होता. कल्याण–डोंबिवलीत राष्ट्रीय स्वयंसेवक संघ व भारतीय जनसंघ यांनी मध्यमवर्गात शाखा, शिक्षणसंस्था व सहकारी संस्थांच्या द्वारा पाय रोवले होते. रामभाऊ म्हाळगी १९७७ व १९८० मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले. शिस्तबद्ध संघटनेच्या या प्रवाहाशी शिवसेनेची युती १९८४ नंतर हळूहळू जुळत गेली. त्याच वर्षी मे महिन्यात भिवंडी, ठाणे, कल्याण व मुंबई येथे जातीय दंगली झाल्या. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत शिवसेनेने धर्माच्या नावावर उघडपणे मते मागितली. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींमधील तिच्या सहभागाविषयी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात कठोर निष्कर्ष नोंदविले.

ठाण्यात या बदलाचे वाहक आनंद दिघे हे होत. जिल्हाप्रमुख या नात्याने त्यांनी टेंभी नाक्यावरील आनंद आश्रमात जणू समांतर कचेरीच चालविली. नोकरी, रुग्णालयातील खाट, घरगुती तंटा, शाळेतील प्रवेश अशा कामांसाठी तेथे रात्री उशिरापर्यंत लोकांची रीघ असे. नवरात्रोत्सव, दुर्गाडी किल्ल्यावरील घंटानाद आणि हाजी मलंगचा दर्गा हे मच्छिंद्रनाथांचे स्थान असल्याचा दावा सांगणारे आंदोलन यांतून त्यांनी धार्मिक अस्मिता संघटित केली. त्यांनी कोणतीही निवडणूक लढविली नाही. १९८९ मध्ये महापौरपदाच्या निवडणुकीत पक्षाची मते फुटली. त्यानंतर नगरसेवक श्रीधर खोपकर यांचा खून झाला व त्या प्रकरणी दिघे यांना टाडा कायद्याखाली अटक झाली. पुढे ते जामिनावर सुटले. २६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा प्रक्षुब्ध अनुयायांनी तेथील रुग्णालय जाळले. सेवा आणि दहशत यांची ही सांगड लक्षात घेतल्याखेरीज त्यांच्या प्रभावाचा उलगडा होत नाही. ठाण्याची लोकसभेची जागा भारतीय जनता पक्षाकडून शिवसेनेकडे आली (१९९६) ती त्यांच्याच हट्टामुळे.

१९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा तीत समाविष्ट झालेल्या गावांत दिवा हेही होते. आगरी–कोळी वस्तीचे हे खाडीकाठचे गाव पनवेल व वसई मार्गांमुळे रेल्वेचे जंक्शन बनले आणि मुंबईतील घरे न परवडणाऱ्या कुटुंबांनी, विशेषतः कोकणातून आलेल्यांनी, येथील चाळी व अनधिकृत इमारती भरून गेल्या. शेजारच्या मुंब्र्यात १९९२-९३ नंतर मुंबईतून आलेली मुस्लिम कुटुंबे वसली. अस्मितेच्या आवाहनास ही भूमी अनुकूल होती. तथापि दिव्याची नित्याची गाऱ्हाणी पाणी, कचराभूमी आणि लोकलमधील गर्दी ही होत. २ जानेवारी २०१५ रोजी रेल्वेसेवा विस्कळीत झाल्यावर येथे उसळलेल्या उद्रेकात दगडफेक व जाळपोळ झाली; तिला ना पक्षाची हाक होती, ना परप्रांतीयाचे निमित्त. शिवाय महापालिकेची सत्ता दीर्घकाळ शिवसेनेकडेच असल्याने गाऱ्हाण्याचा रोख बाहेरच्यांकडे वळविणे तिला पूर्वीइतके सोपे राहिले नव्हते.

नेतृत्वाचे स्वरूपही पालटले. राज ठाकरे यांनी २००६ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापून मूळ भूमिपुत्रवाद उचलला. या वेळी लक्ष्य उत्तर भारतीय होते. उद्धव ठाकरे यांनी २०१९ मध्ये काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांच्यासह सरकार बनविले. युरोपातही असे पालट दिसतात : इटलीतील नवफॅसिस्ट पक्षाने १९९५ मध्ये नाव व कार्यक्रम बदलला, तर फ्रान्समधील नॅशनल फ्रंटची सूत्रे २०११ मध्ये ले पेन पित्याकडून कन्येकडे गेली. ठाण्यात मात्र वारसा रक्तापेक्षा शिष्यत्वावर सांगितला गेला. दिघे यांचे अनुयायी एकनाथ शिंदे यांनी जून २०२२ मध्ये बंड केले, तेव्हा हिंदुत्वापासून पक्ष ढळल्याचे कारण पुढे केले व ते मुख्यमंत्री झाले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण चिन्ह त्यांच्या गटास दिले.

दिवा ज्यात मोडते त्या कल्याण ग्रामीण विधानसभा मतदारसंघाने २००९ मध्ये मनसे, २०१४ मध्ये शिवसेना, २०१९ मध्ये पुन्हा मनसे आणि २०२४ मध्ये शिंदे यांची शिवसेना असे आलटूनपालटून प्रतिनिधी निवडले.