एक हॅम्स्टर आणि बाबांचं इंजेक्शन

लोणावळ्याच्या घरी फ्रीजवर एक रिकामं औषधाचं खोकं पडलेलं असतं. आई त्यात सेफ्टी पिना ठेवते. परवा शनिवारी दुपारी लाईट गेले, लॅपटॉपची बॅटरी संपली, पाऊस तर मी म्हणत होता. करायला काहीच नव्हतं म्हणून खोक्यावरचा बारीक मजकूर वाचत बसलो. औषधाचं नाव टेनेक्टेप्लेज. आणि उत्पादकाचा पत्ता? हिंजवडी, फेज टू! म्हणजे आमची कंपनीची बस रोज सकाळी जिथून जाते तिथला.

हे इंजेक्शन बाबांना दोन वर्षांपूर्वी दिलं होतं. आषाढातली रात्र, छातीत कळ, घामाघूम. आम्ही त्यांना जवळच्या छोट्या हॉस्पिटलात नेलं. तिथे अँजिओप्लास्टीची सोय नाही, पुणे पासष्ट किलोमीटर, बाहेर धो धो. डॉक्टर ईसीजी बघून म्हणाले, "काकांना पुण्याला पाठवूच, पण त्याआधी गुठळी इथेच विरघळवायला हवी. मिनिटं मोजायची वेळ आहे." बाबांचं वजन विचारलं, चौसष्ट. त्या हिशोबानं पस्तीस मिलिग्रॅम, पाच सेकंदांत शिरेतून. मग अँब्युलन्स. बाबा ठणठणीत आहेत, आता रोज सकाळी वळवणपर्यंत चालून येतात.

तर खोक्यावरच्या कागदात एक ओळ होती, की हे प्रथिन चायनीज हॅम्स्टरच्या अंडाशयाच्या पेशींत तयार केलं आहे. मी तीनदा वाचली. हॅम्स्टर म्हणजे तो गुबगुबीत, गालात दाणे भरणारा उंदीर? त्याचा आणि मावळातल्या एका रिटायर्ड क्लार्कच्या हृदयाचा काय संबंध? लाईट आल्यावर नेट उघडलं आणि रविवार गेला.

गोष्ट सुरू होते पेकिंगमध्ये, १९१९ साली. न्यूमोनियाच्या जंतूंचे प्रकार ओळखायला तिथल्या एका संशोधकाला, श्ये यांना, प्रयोगाचे पांढरे उंदीर मिळेनात. मग त्यांनी रानातले स्थानिक हॅम्स्टर वापरले. पुढे काळा आजारावरच्या संशोधनातही ते उपयोगी पडले. अडचण एकच, हे प्राणी महाभांडखोर. मादी नराला बुकलून काढते, त्यामुळे पिंजऱ्यात पैदास होईना. म्हणजे दर वेळी नवे पकडून आणायचे.

१९४८ चा डिसेंबर. माओचं सैन्य नानकिंगच्या दिशेने येत होतं. रॉकफेलर फाउंडेशनचे डॉ. रॉबर्ट ब्रिग्ज वॉटसन तेव्हा चीनमध्ये होते. त्यांना डॉ. हू यांनी दहा नर आणि दहा माद्या दिल्या. वॉटसननी ते खोक्यात भरून शांघाय गाठलं आणि पॅन अ‍ॅमच्या विमानाने सॅन फ्रान्सिस्कोला रवाना केले. तिथून ते गेले न्यूयॉर्कमधल्या व्हिक्टर श्वेंटकर नावाच्या प्राणी-पैदासकाराकडे. या माणसाने जे कुणाला जमलं नव्हतं ते करून दाखवलं, त्यांची वंशावळ चालू केली. डॉ. हू मात्र मागे राहिले. अमेरिकनांना जैविक युद्धासाठी हॅम्स्टर पुरवले असा आरोप नव्या राजवटीने त्यांच्यावर ठेवला. वीस उंदरांपायी! मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त रुखरुख याच माणसाची वाटली.

(याच रॉकफेलर फाउंडेशनने भारत सरकारच्या साथीने १९५२ मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. आजची एनआयव्ही ती हीच. असो, विषयांतर.)

श्वेंटकरकडचे हॅम्स्टर बॉस्टनला जॉर्ज येरगानियन यांच्याकडे पोचले. त्यांना या प्राण्याचं आकर्षण वेगळ्याच कारणाने होतं: गुणसूत्रं फक्त २२, तीही मोठी मोठी, मोजायला सोपी. १९५७ मध्ये डेन्व्हरचे थिओडोर पक यांनी त्यांच्याकडून एक मादी मागवून घेतली आणि तिच्या अंडाशयाचा तुकडा बशीत वाढवला. साध्या पेशी काही वेळा दुभंगल्या की थकतात. या थकल्याच नाहीत. पकनी मागेल त्याला त्या दिल्या. सीएचओ म्हणतात त्या याच, चायनीज हॅम्स्टर ओव्हरी. आपल्या भाषेत, एक रेपॉझिटरी ओपन ठेवली आणि जगाने फोर्क केली.

पण औषध बनवायला हॅम्स्टरच का, बॅक्टेरिया का नाहीत? इन्सुलिन तर त्यांच्यात बनतं. झालंय असं की गुठळी विरघळवणारं आपलं मूळ प्रथिन, टीपीए, ५२७ अमिनो आम्लांचं लांबलचक धूड आहे. त्याला १७ ठिकाणी गंधकाचे टाके घालून नीट घडी घालावी लागते, वर साखरेच्या साखळ्या चिकटवाव्या लागतात. बॅक्टेरियाला साखळ्या जमत नाहीत आणि घडीही धड पडत नाही. सस्तन प्राण्याची पेशी हे काम जवळजवळ आपल्यासारखंच करते.

उत्पादन वाढवायची युक्ती तर मला जाम आवडली. १९८० मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गेल अर्लाब आणि लॉरेन्स चेसिन यांनी डीएचएफआर नावाचं जनुक बिघडवलेल्या सीएचओ पेशी तयार केल्या. त्याशिवाय पेशीला डीएनएचा कच्चा माल बनवता येत नाही. आता हवं ते मानवी जनुक आणि चांगलं डीएचएफआर जोडीने आत सोडायचं. ज्यांच्यात शिरलं त्याच पेशी जगतात. मग मेथोट्रेक्सेट घालून गळा आवळत न्यायचा. ज्यांच्याकडे डीएचएफआरच्या जास्त प्रती, त्याच तग धरतात, आणि शेजारी बसलेल्या मानवी जनुकाच्याही प्रती आपोआप वाढतात. १९८७ मध्ये अमेरिकेत सीएचओमधलं पहिलं औषध मंजूर झालं. कुठलं असेल? टीपीएच!

टेनेक्टेप्लेज हा त्याच टीपीएवरचा पॅच. तीन जागी बदल: टी, एन, के ही त्या जागच्या अमिनो आम्लांची अक्षरं, म्हणून त्याला टीएनके म्हणतात. एवढ्याने ते रक्तात जास्त वेळ टिकतं. जुनं औषध तास-दीड तास ड्रिपमधून द्यावं लागायचं, हे एका झटक्यात. लोणावळ्याच्या त्या रात्री या फरकाची किंमत मला कळली आहे.

आणि या पेशी पुण्याला नव्या नाहीत. नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स, १९८६ ची संस्था, आधी कोथरूडला होती, आता विद्यापीठाच्या आवारात आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी तिथून जातात, त्यात सीएचओ आणि बीएचके-२१ सुद्धा. ही दुसरी १९६१ सालची, ग्लासगोच्या सीरियन हॅम्स्टरच्या पिल्लांच्या मूत्रपिंडातली. लाळ्या-खुरकूताची लस तिच्यावरच बनते. म्हणजे पवन मावळात काकांच्या गाईंना जी टोचतात ती. आमच्या खानदानावर उंदरांचे बरेच उपकार निघाले!

हे सगळं मी रविवारी रात्री जेवताना आईला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. बाबा माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही.

"म्हणजे दर इंजेक्शनला एक उंदीर मारतात?"

"नाही गं. एकच मादी, १९५७ सालची. तेव्हापासून तिच्याच पेशी वाढवतायत. टाकीत."

"यांना सांगू नकोस हं."

बाबा पलीकडच्या खोलीतून सगळं ऐकत होते. आत आले, पाटावर बसले, ताक मागितलं. घोट घेऊन म्हणाले, "त्या हू साहेबांचं पुढं काय झालं रे? सोडलं का त्यांना?"