फेरेट : गाभणपण आणि वंध्यीकरण

मुंगसाच्या चणीचा हा पाळीव मांसाहारी प्राणी युरोपीय पोलकॅटचा वंशज. सशांच्या शिकारीसाठी युरोपात तो फार पूर्वीपासून पाळला जातो.

मादीची खरी अडचण तिच्या माजात आहे. दिवस लांबू लागले की, उत्तर गोलार्धात साधारण मार्चपासून, ती माजावर येते. योनिमुख ठळक फुगते. अंडमोचन समागमानेच घडत असल्याने नर न मिळाल्यास माज महिनोन्‌महिने ओसरत नाही. वाढलेले इस्ट्रोजेन अस्थिमज्जा दाबून टाकते. हिरड्या पांढुरक्या पडतात, कातडीवर रक्ताचे बारीक ठिपके उमटतात, शेपटीचे केस झडतात आणि उपचार न झाल्यास मादी दगावू शकते. नुसत्या माजापायी जीव जावा, असे पाळीव प्राण्यांत क्वचितच!

गर्भकाळ सुमारे ४२ दिवसांचा. एका वेतात सरासरी आठ पिल्ले, प्रत्येकी जेमतेम दहा ग्रॅमची. पिल्ले जास्त असतील तर अखेरच्या दिवसांत एका दिवसाचा उपासही मादीला गर्भविषबाधेकडे नेतो. खोटे गाभणपणही जवळपास गर्भकाळाइतकेच टिकते.

अमेरिकेत बहुतेक फेरेट अगदी लहानपणी, विक्रीआधीच वंध्य केले जातात. मात्र वंध्यीकरणानंतर काही वर्षांनी अधिवृक्क ग्रंथींचे विकार उद्भवतात, हे नेदरलँड्समधील पशुवैद्यकांनी दाखवले. त्यामुळे युरोपात आता लैंगिक संप्रेरके दाबणाऱ्या डेस्लोरेलिन या औषधाची कांडी कातडीखाली बसवण्याकडे कल आहे. ब्रिटनमधले जुने पाळणारे मादीला नसबंदी केलेल्या नराजवळ सोडतात. माज मोडतो, गर्भ राहत नाही.