कावसजीचे नाक आणि पंचविसावा दिवस

नाकाची शस्त्रक्रिया एकदा होऊन गेली. आतला वाकडा पडदा सरळ केला, वर आलेले हाड घासून काढले. जखमही भरली. पण एका नाकपुडीतून श्वास अजून अडतोच, आणि आरशात पाहिले तर शेंडा एका बाजूला कललेला दिसतो. आता पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी का? कबड्डीत किंवा मोटारसायकलवरून पडून नाक मोडलेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने सांगलीच्या शिक्षकाला हा प्रश्न विचारला, तर त्यात नवल नाही. मिरजेचे दवाखाने जवळ आहेत, सल्लाही मिळतो. तरी घरात कुरबूर सुरू होते. पहिली शस्त्रक्रिया फसली म्हणायची का? आणि श्वासासाठी म्हणता म्हणता हा दिसण्याचाच सोस तर नाही ना?

हे दोन्ही प्रश्न आपण समजतो त्यापेक्षा बरेच जुने आहेत. त्यांची एक उत्तम नोंद आपल्याच मुलखातली आहे.

टिपू सुलतान विरुद्ध इंग्रज, मराठे आणि निजाम असे युद्ध १७९० ते १७९२ या काळात झाले. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन त्यात मराठी फौजेचे एक सेनापती होते. कॅप्टन लिटलची मुंबईकर पलटण त्यांच्याबरोबर धारवाडच्या वेढ्यात होती. अशा मोहिमेत तोफा आणि धान्य ओढायला हजारो बैल लागत, आणि बैलांमागे माणसे. इंग्रजी सैन्यात बैल हाकणारा असाच एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे आले आहे. नाव पारशी वाटते, पण नोंदीत तो मराठा शेतकरी असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. पुढे त्याला कंपनीकडून निवृत्तिवेतन मिळू लागले. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. हा कारागीर विटा भाजणाऱ्या जातीचा, म्हणजे आपल्या भाषेत कुंभार होता. त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. बैलवाल्याचे नाव छापले गेले, पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची छापली गेली, आणि ज्याने हे केले तो नुसता एका जातीचा माणूस राहिला, हे आम्हांला फार खटकते.

मुंबई इलाख्याचे डॉक्टर थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. चित्रकार जेम्स वेल्स याने कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ मासिकात ही हकीकत चित्रासह प्रसिद्ध झाली.

आता कृती पाहू. प्रथम मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून त्याला चांगल्या नाकाचा आकार दिला. मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ मारली. आखलेली कातडी सोडवली. फक्त दोन भुवयांच्या मधली एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवली. जुन्या नाकाचा वण खरवडून ताजा केला, कडेने चीर दिली, आणि कपाळाची कातडी अर्धा वेढा देऊन खाली वळवून त्या चिरेत बसवली. टाके घातले नाहीत. पाण्यात भिजवलेला काथ कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकीवर एक चिकटवल्या. चौथ्या दिवसानंतर त्या काढून तुपात बुडवलेले कापड ठेवले. (भूल देण्यासाठी ईथर वापरात यायला अजून अर्धे शतक होते, हे लक्षात घ्यावे.)

ती चिंचोळी पट्टी हे या कृतीचे मर्म. कातडीचा तुकडा पूर्ण कापून जाड थराने दुसरीकडे लावला तर रक्त न मिळाल्याने तो काळा पडून मरण्याची भीती असते. इथे पट्टीतून रक्त येतच राहते. भुवईच्या आतल्या टोकाजवळून कपाळावर चढणारी एक धमनी त्या पट्टीतून जाते, हे शरीररचनाशास्त्रामुळे आज आपल्याला ठाऊक आहे. कुंभाराला धमनीचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. पट्टी ठेवली तर कातडी जगते एवढे त्याला पक्के माहीत होते. नव्या जागेच्या कडांतून रक्तवाहिन्या कातडीत शिरायला वेळ लागतो, म्हणून पट्टी कापायची ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. आजही कपाळाच्या कातडीने नाक करतात तेव्हा ती साधारण तीन आठवड्यांनी कापतात.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन ओळी या हकिकतीत आहेत, आणि वाचणाऱ्यांच्या नजरेतून त्या सहसा निसटतात. पहिली, दहाव्या दिवशी नाकपुड्या पुरेशा उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालत. दुसरी, पंचविसाव्या दिवशी पट्टी कापताना नवे नाक अधिक चांगले दिसावे म्हणून पुन्हा थोडी कापाकापी करावी लागे. म्हणजे श्वास आणि रूप या दोन्हींचा विचार सुरुवातीपासून होता, आणि दुसऱ्यांदा हत्यार लावणे हा मूळ बेताचाच भाग होता. पहिली वेळ फसली म्हणून ते केले जात नव्हते.

सुश्रुतसंहितेतही हेच दिसते. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात नाक जोडण्याची कृती आहे. नाकाच्या मापाचे पान घ्यावे, त्या मापाची कातडी सोडवून नाकावर बसवावी, आत दोन नळ्या घालाव्यात, आणि शेवटी नाक तोकडे झाले तर वाढवण्याचा यत्न करावा, मांस जास्त झाले तर सारखे करावे, असे तिथे सांगितले आहे. मात्र वर्गात शिकवताना एक काळजी घ्यावी. सुश्रुताची कातडी गालाची आहे, पुण्याची कपाळाची. ‘सुश्रुताची कपाळावरची शस्त्रक्रिया’ असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते, ते संहितेला धरून नाही. गालावरून कपाळावर जाण्याचे शहाणपण कोणा कारागिरांचे असावे, आणि त्याचे श्रेय ग्रंथाच्या खात्यावर टाकणे म्हणजे त्या कुंभारावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय.

१७९४ च्या हकिकतीतले एक विधान मात्र आम्ही जसेच्या तसे स्वीकारणार नाही. ही क्रिया नेहमीच यशस्वी होते, असे तिथे म्हटले आहे. कपाळाची कातडी खाली वळवली की तिची बाहेरची बाजू त्वचेची, पण आतली बाजू उघड्या जखमेची असते. उघडी जखम भरताना आक्रसते. हात भाजल्यावर बोटे आखडतात ती याच कारणाने. त्यामुळे बाहेरून छान दिसणारे नाक महिन्या-महिन्यांनी आत ओढले जाते आणि नाकपुड्या बारीक होतात. पुण्यातल्या कापडाच्या बोळ्यांनी हे थोडे लांबत असेल, टळत नसणार.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू याने मृतदेहांवर सराव करून १८१४ मध्ये ही क्रिया केली आणि १८१६ मध्ये आपल्या दोन रुग्णांची हकीकत छापली. तिथून ‘भारतीय पद्धत’ युरोपभर गेली. इकडे जुनागढचे डॉक्टर त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ मध्ये शंभर रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पण आतल्या अस्तराच्या प्रश्नावर नेमके बोट ठेवणारे काम होळकरांच्या इंदुरात झाले. तिथल्या रेसिडेन्सीचे शल्यवैद्य डेनिस कीगन उरलेल्या नाकावरची कातडी सोडवून खाली उलटी दुमडत आणि तिच्यावर कपाळाची कातडी बसवत. जखमेला जखम चिकटे, आणि आत-बाहेर दोन्हीकडे त्वचा राही. त्यांचे पुस्तक १९०० मध्ये आले. कोटाला अस्तर लावल्यासारखेच हे.

अस्तर मिळाले, तरी सांगाडा हवाच. का, ते वर्गात दाखवता येते. दोन कागद समोरासमोर थोड्या अंतरावर धरून मधून जोरात फुंका. ते लांब जाण्याऐवजी जवळ येतात, कारण वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो. नाकपुडीच्या थोडे आत, मधला पडदा आणि बाजूची मऊ भिंत यांच्यामध्ये अशीच एक चिंचोळी फट आहे. तिला नाकाची झडप म्हणतात. श्वासमार्गातली ती सर्वांत अरुंद जागा. नाक सडपातळ दिसावे म्हणून पहिल्या वेळी तिथली कूर्चा फार काढली गेली असेल, तर जोराचा श्वास घेताच भिंत आत ओढली जाते. अशा वेळी बोटाने गाल हलकेच बाहेरच्या बाजूला ओढला की श्वास मोकळा वाटतो. डॉक्टर ही चाचणी करतात, पण तेवढ्यावर निदान ठरवत नाहीत; पुष्कळ निरोगी माणसांनाही गाल ओढल्यावर बरे वाटते.

थंड आरशावर नाकाने श्वास सोडून पाहा. वाफेचे दोन डाग बहुधा सारखे नसतात, आणि काही तासांनी मोठा डाग बाजू बदलतो. आतल्या अस्तराला आळीपाळीने सूज येते म्हणून असे होते. तेव्हा एक बाजू बंद वाटली म्हणजे शस्त्रक्रिया हवी, असे नाही. ॲलर्जीने सुजलेले नाकही पडदा सरळ करून बरे होत नाही. त्याला औषधच लागते.

अडथळा खरोखर भिंतीचा किंवा पडद्याचा ठरला, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेत मुख्यतः आधार परत उभा करायचा असतो. पडद्याची कूर्चा पहिल्याच वेळी वापरली गेली असेल तर ती कानातून किंवा बरगडीतून घेतात. बरगडीची कूर्चा भक्कम असते, पण पुढे वाकण्याची शक्यता असते. कानाची मुळातच वळलेली आणि थोडी. हा आधार घातला की नाक किंचित रुंद दिसू शकते. श्वास आणि रूप इथे एकमेकांशी भांडतात, आणि कोणाला किती द्यायचे हे रुग्णाने आधीच बोलून घ्यावे लागते. शिवाय शल्यविशारद बहुधा पहिल्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभर तरी थांबायला सांगतात. सूज पुरती ओसरायला आणि आतले वण मऊ व्हायला तेवढे महिने लागतात. त्याआधी कललेला दिसणारा शेंडा आपणहून थोडा सरळ होऊ शकतो. कुंभाराचा पंचविसावा दिवस होता तो रक्तवाहिन्यांच्या हिशेबाने. हे वर्ष वणाच्या हिशेबाने आहे.