सेलेनियम

सेलेनियम हे आवर्त सारणीच्या १६व्या गणातील अधातू मूलद्रव्य आहे. त्याचा अणुक्रमांक ३४ व अणुभार ७८.९७ असून सारणीत ते गंधकाच्या खाली आणि आर्सेनिकच्या लगत येते. अत्यल्प प्रमाणात ते मनुष्याला व प्राण्यांना आवश्यक असते. मात्र गरजेची मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर थोडेच आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यात अचानक केस गळण्याचे रुग्ण आढळले, तेव्हा हे मूलद्रव्य राज्यात चर्चेचा विषय झाले.

शोध व नाव

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ यान्स याकोब बर्झेलियस व योहान गॉटलिब गान यांनी १८१७ साली सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यातील गाळातून सेलेनियम शोधून काढले. प्रथम हा पदार्थ टेल्युरियम असावा असे त्यांना वाटले होते. टेल्युरियमचे नाव पृथ्वीवरून पडले असल्याने नव्या मूलद्रव्याला चंद्राच्या ग्रीक नावावरून सेलेनियम हे नाव देण्यात आले.

गुणधर्म

सेलेनियमची अनेक अपरूपे आहेत. त्यांपैकी करडे सेलेनियम सर्वांत स्थिर असून त्याची घनता ४.८१ ग्रॅम प्रति घन सेंमी. व वितळबिंदू २२१° से. आहे. लाल व काळी अपरूपेही आढळतात. प्रकाश पडताच करड्या सेलेनियमची विद्युत् संवाहकता वाढते. हा गुणधर्म विलोबी स्मिथ यांनी १८७३ मध्ये नोंदवला. रासायनिक दृष्ट्या सेलेनियम गंधकाशी बरेच मिळतेजुळते असून त्याची विषबाधाही या साम्यातूनच उद्भवते.

उत्पादन व उपयोग

तांब्याचे विद्युत् विच्छेदनाने शुद्धीकरण करताना धनाग्राखाली साचणाऱ्या गाळातून सेलेनियम मिळवतात. काचेतील लोहामुळे येणारी हिरवट छटा घालवण्यासाठी, तसेच काचेला लाल रंग देण्यासाठी त्याचा वापर होतो. छायाप्रती काढणाऱ्या सुरुवातीच्या यंत्रांतील दंडगोलांवर सेलेनियमचा थर असे. काही प्रकारचे सौर घट, मँगॅनीजचे उत्पादन, पशुखाद्य, खते आणि कोंड्यावरील शांपू यांतही सेलेनियमची संयुगे वापरली जातात.

शरीरातील कार्य

पेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणाऱ्या आणि थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकांना कार्यक्षम रूप देणाऱ्या काही विकरांत सेलेनियम असते. अमेरिकेतील प्रमाणकांनुसार प्रौढ व्यक्तीची रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅम व सहन होणारी कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम आहे.

अन्नातील सेलेनियम मुख्यतः मातीवर अवलंबून असते. चीनमधील केशान परगण्यात मातीत ते फार कमी असल्याने हृदयाच्या स्नायूंचा विकार आढळला; तो ‘केशान रोग’ या नावाने ओळखला जातो. त्याच देशातील एन्शी भागात १९६०च्या दशकात अतिरिक्त सेलेनियममुळे लोकांचे केस व नखे गळाली. पंजाबच्या होशियारपूर व नवांशहर परिसरातील काही शेतजमिनींत सेलेनियम अधिक आहे. तेथील चाऱ्यामुळे गुरांचे केस झडणे, खूर सुटणे असे विकार नोंदवले गेले आहेत.

विषबाधा

वनस्पती गंधक ज्या मार्गाने शोषतात त्याच मार्गाने सेलेनियमही घेतात आणि प्रथिनांतील गंधकाच्या जागी ते बसते. केस व नखे ज्या केराटिन प्रथिनाची बनलेली असतात, त्याची बळकटी गंधकाच्या बंधांवर अवलंबून असते. या बंधांत सेलेनियम शिरल्याने ती कमकुवत होतात, असे मानले जाते. श्वासाला लसणासारखा वास येणे, मळमळ, अतिसार, थकवा, हातापायांना मुंग्या, नखांवर पांढऱ्या रेषा आणि केस गळणे ही प्रमुख लक्षणे होत. या विषबाधेवर विशिष्ट उतारा नाही. स्रोत ओळखून सेवन थांबवणे हाच मुख्य उपाय असून त्यानंतर केस सहसा पुन्हा उगवतात.

बुलढाणा जिल्ह्यातील घटना

बुलढाणा शहर व देऊळघाट हा जिल्ह्याचा ‘घाटावरील’ भाग, तर शेगाव तालुका पूर्णा खोऱ्यातील ‘घाटाखालील’ भागात मोडतो. या तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून डोके दुखणे, ताप, टाळूला खाज यांसारख्या तक्रारी सुरू झाल्या आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. १८ गावांत २७९ रुग्णांची नोंद झाली. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी व तरुण मुलींची संख्या लक्षणीय होती. उपहासाच्या भीतीने अनेकांनी मुंडण करून घेतले.

पूर्णा खोऱ्याचा बराचसा भाग खारपाण पट्ट्यात येत असल्याने प्रथम पाण्यावर संशय घेतला गेला. पाण्यात नायट्रेट व विद्राव्य क्षार अधिक आढळले, तरी एवढ्या वेगाने केस गळण्याचा उलगडा त्यातून होत नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकांनीही गावांना भेटी दिल्या.

विंचूदंशावरील उपचारांसाठी ख्यातनाम असलेले महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी व केस आणि शिधावाटप दुकानांतील गहू यांची तपासणी करवून घेतली. त्यांच्या निष्कर्षानुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियम सुमारे ३५ पट, लघवीत ६० पट व केसांत १५० पट वाढलेले होते, तर जस्त कमी होते. गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले व हा गहू पंजाबमधून आल्याचे त्यांनी सांगितले. या प्रमाणानुसार अवघ्या १०० ग्रॅम पिठातून सुमारे १,४५० मायक्रोग्रॅम, म्हणजे दैनिक कमाल मर्यादेच्या साडेतीन पटींहून अधिक सेलेनियम पोटात जाते.

प्रतिबंध

आर्सेनिकची सामुदायिक विषबाधा बहुधा भूजलातून होते, तर सेलेनियमची मुख्यतः धान्यातून; त्यामुळे केवळ पाणी तपासून ती लक्षात येत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक दोन्हींकरिता लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. अतिरिक्त सेलेनियम असलेल्या जमिनीत जिप्सम घातल्यास त्यातील गंधकामुळे पिकांचे सेलेनियम शोषण घटते. शेतकऱ्याच्या घरात विविध ठिकाणचे धान्य येते तेव्हा एका मातीतील दोष आपोआप विरळ होतो. पण एकाच भागातील धान्य दूरच्या गावांत सर्व घरांना सतत पुरवले गेले, तर तो दोषही सर्वांच्या ताटात पोहोचतो. म्हणून वाटपापूर्वी धान्याची तपासणी करणे आणि वाटलेल्या धान्याच्या उगमाची नोंद ठेवणे महत्त्वाचे ठरते.